हाताला लागलेला खडा

४ मार्च

गोटे गं,

तुझं कार्ड आज सकाळी आलं. पोस्टमनने गिऱ्हाइकांच्या मधून हात घालून ते काउंटरवर टाकलं, आणि नेमकं एका ओल्या चादरीवर पडलं. मी अशी ओरडले की ती चादरवाली बाई दचकून दोन पावलं मागे सरली. नशीब, शाई फुटली नाही.

आधी एक सांगून टाकते म्हणजे मोकळी होईन. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा मी तुझं डोकं खाल्लं, कबूल आहे. जेमतेम चार दिवसांची तुझी रजा, आणि मी उठताबसता एकच विषय: ड्रिल कुठवर गेलं, नमुने कसे आहेत, हिरे निघणार की नाही. शेवटी तू बॅग उचललीस आणि दारात वळून म्हणालीस, "ताई, तू माझी बहीण आहेस की कंपनीची भागधारक?" मी म्हटलं, "दोन्ही." केवढा विनोद केला असं वाटलं मला! तू हसली नाहीस. तेव्हापासून तुझी एक ओळ नाही. दुकानाचं शटर ओढताना रोज वाटायचं, ही आपली जीभ एकदा इस्त्रीखाली घालावी. म्हणून आज तुझं अक्षर दिसलं ना, गिऱ्हाईक तसंच सोडून कार्ड वाचत बसले.

आणि आत काय, तर हे! इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

"ताई, परवा हाताला एक खडा लागला. लहान आहे, पण हलत नाही. नमुना तपासायला दिलाय. निकाल यायला वेळ लागेल म्हणाले. आईला आत्ताच काही बोलू नकोस. तू मात्र लिही, मला बरं वाटेल. गोटी."

अगं, सापडला! बाहेर चकार शब्द न काढणारी तू, शेवटी बहिणीला सांगितलंसच ना? आणि उघड्या कार्डावर, पण काय हुशारीने! हिरा हा शब्दच नाही कुठे. पोस्टमनने वाचलं तरी त्याच्या बापाला कळायचं नाही. मला बरोब्बर कळलं. "हलत नाही" म्हणजे खडकातच घट्ट रुतलेला आहे, वाळूबरोबर कुठून तरी वाहून आलेला नाही. हो की नाही? शिवाय शिक्का तुमच्या छावणीचा नाही, शहराचा आहे. म्हणजे नमुना घेऊन तू स्वतः गेलीस. साध्या गोट्यासाठी कोण एवढ्या लांबून माणूस पाठवतं?

ह्यांना दाखवलं. हे प्रेसवर होते. पँटची घडी न मोडता म्हणाले, "खडा म्हणालीय ती. हिरा तू म्हणतेयस." यांचं नेहमीचंच. नव्या बॉयलरसाठी बाजूला काढलेले पैसे मी तुझ्या कंपनीत घातले तेव्हापासून हे माझ्याशी त्या जुन्या बॉयलरसारखे बोलतात. आधी गुरगुर, मग वाफ.

नको तर तूही म्हणाली होतीस. मशीनचा फिल्टर उघडून त्यातला कचरा चाळून मला दाखवलास. "हे बघ ताई, यात लाल बटण निघालं तर लाल शर्ट येऊन गेला एवढंच कळतं. आम्हाला वाळूत हिऱ्याच्या खडकातले जे लाल दाणे सापडलेत ते म्हणजे ही बटणं. शर्टाच्या खिशात नोट होती की नाही, ते बटण सांगत नाही." मी म्हटलं होतं, शर्ट तर आहे ना, मग झालं! आणि आता बघ, खिशातली नोटच तुझ्या हाताला लागली.

तर आता भराभर सांग. केवढा आहे? पांढरा आहे का? आणि एकच आहे की आजूबाजूला आणखी लागतात? एकाने काय होतंय गं, आणखी असले तर बरं. नीट शोधा म्हणावं. सगळीकडे पसरलेले निघाले तर सोन्याहून पिवळं!

आईला बोलू नकोस म्हणालीस, पण माझ्या तोंडात तीळ कधी भिजलाय का? ती मागच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावत बसली होती. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "गोटीच्या हाताला खडा लागला!" सुई थांबली. म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, "जमिनीत, आणखी कुठे?" तिने ती बटणात टोचून ठेवली. मग म्हणते कशी, "दुखतो का, विचार तिला."

घ्या! हिरा कधी दुखतो का? मी एवढ्या मोठ्याने हसले की हे प्रेस सोडून बघायला आले. म्हातारी झाली हो आपली आई.

उलट टपाली लिही.

तुझी
ताई (बहीण आधी, भागधारक नंतर)


२५ मार्च

गोटे,

तुझं उत्तर नाही. पण मी रागावलेली नाही. आता मला सगळं समजलं.

परवा कंपनीचं पत्रक आलं. सकाळच्या पेपरातही होतं, आतल्या पानावर, एवढंसं. ड्रिलच्या पहिल्याच भोकातून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात अकरा हिरे. त्यातले तीन मोठ्या चाळणीवर राहिलेले, पांढरे, स्वच्छ, आरपार दिसणारे. तू कार्ड टाकलंस त्याला किती दिवस झाले? अगदी तेच! तुझा तो न हलणारा खडा त्या तीन हिऱ्यांतलाच असणार. तू उत्तर का देत नाहीस तेही लक्षात आलं. निकाल जाहीर व्हायच्या आधी बोललीस हे कुणाला कळलं तर तुझी नोकरी जायची. बरोबर आहे. गप्प राहा. मी ओळखते.

भाव दुपटीच्या वर गेलाय. मी ह्यांच्यासमोर पेपर धरला. हे म्हणाले, "नमुना छान आहे, पण केवढ्या खडकाचा होता? गोणीभर? आणि जमीन केवढी?" मी म्हटलं, "शितावरून भाताची परीक्षा, ऐकलंय ना कधी?" त्यावर म्हणतात, "आमच्या घरात एकच नमुना आहे आणि तो तपासायची काही गरज नाही." बघितलंस? एवढं बोलून परत इस्त्री. या माणसाला आनंद कसा करायचा हेच ठाऊक नाही.

मी बाकीचे पैसेही घातले. दुसऱ्या मशीनसाठी ठेवलेले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनीही शेअर घेतले. माझ्या भरवशावर, म्हणजे खरं तर तुझ्याच. ते दार उघडून विचारतात, "काय ताई, धाकटीचं काही?" आणि मी नुसती भुवई उडवते. जिवाला काय मजा वाटते म्हणून सांगू.

आई मात्र विचित्र वागतेय. जेवण अर्ध्यावर आलंय. पोस्टमनची वेळ झाली की मागचं काम टाकून पुढे काउंटरपाशी येऊन उभी राहते, गिऱ्हाइकांच्या मध्येच. काल म्हणाली, "तिला घरी बोलव." मी म्हटलं, "आता? अगं, आता तर तिचं खरं काम सुरू झालंय. उलट सुट्टी मिळायची नाही." तर म्हणाली, "मग मला तिकडे ने." या वयात, त्या छावणीत, तंबूत! मी म्हटलं, "हिरे बघायचेत का तुला?" सुईत दोरा ओवून दे म्हणाली, तेवढंच.

नुसतं "बरी आहे" एवढं लिहिलंस तरी पुरे. हिऱ्यांचं नको लिहू.

ताई


९ एप्रिल

गोटी,

चार कागद फाडले. हा पाचवा. हाही फाडीन असं वाटतंय, पण मग तुला काहीच मिळणार नाही.

काल तुझं कार्ड आलं. "तुझी दोन्ही पत्रं छावणीवरून फिरत फिरत इथे दवाखान्यात एकदम मिळाली. खडा माझ्या काखेत आहे, ताई. निकाल चांगला नाही." सहीसुद्धा नाही.

मी काउंटरवर होते. एक माणूस कोटावरचा डाग दाखवून विचारत होता, शाईचा आहे की तेलाचा? मी सांगितलं, तेलाचा. पावती फाडून दिली. मग तिथेच गाठोड्यांवर बसले. ह्यांनी हाताला धरून उठवलं. शटर त्यांनीच ओढलं, भर दुपारी. असं आपल्या दुकानात कधी झालं नव्हतं.

गोटे, मी तुला काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द आठवतंय मला. आठवायचं नाही म्हटलं तरी आठवतंय. केवढा आहे. पांढरा आहे का. आणखी असले तर बरं. सगळीकडे पसरलेले निघाले तर. पुढचं माझ्याच्याने लिहवत नाही. हे वाचताना तू कुठे होतीस? खाटेवर होतीस? शेजारी कुणी होतं का? दोन्ही पत्रं एकदम मिळाली म्हणतेस, म्हणजे पहिलं वाचून संपल्यावर दुसरं उघडलंस तू, ताईला आता तरी समजलं असेल म्हणून. आणि त्यात काय, तर भाव दुपटीच्या वर गेलाय. आग लागो त्या भावाला. ती पत्रं पोस्टाच्या पेटीतून हात घालून काढता आली असती तर मी हात मोडून घेतला असता.

तू उघड्या कार्डावर दुसरं काय लिहिणार होतीस? आणि बंद पाकिटात तरी काय लिहिलं असतंस? आपल्या घरात बाईच्या अंगावरच्या तसल्या जागांना नावच नाही. "तिथे", "इथे", "ते" असंच बोलायचं, तेही आवाज उतरवून. त्या दुखण्याला तर मुळीच नाव नाही. मावशीला तिथेच जे झालं त्याला सगळे "खडा" म्हणायचे. तिला खडा झालाय, खडा वाढलाय, खडा काढून टाकला. डॉक्टर जे म्हणत ते कधी कुणी घरात उच्चारलं नाही. तू एवढीशी होतीस. मावशी आपल्याकडे राहायला आली तेव्हा तुझ्या फ्रॉकचे खिसे कायम दगडांनी लोंबलेले असायचे. एक दिवस सगळे तिच्या पांघरुणावर ओतलेस आणि विचारलंस, "मावशी, यातला कुठला?" ती हसली. दुखत असणार, तरी हसली. चाचपून चाचपून एक लहानसा पांढरा उचलला आणि म्हणाली, "हा. अगदी असाच." तू तो तिला देऊन टाकलास. ती गेल्यावर आईने तिच्या उशीखालून काढला, आणि त्यानंतर आईने खडा हा शब्द घरात उच्चारल्याचं मला आठवत नाही. तांदूळ निवडतानासुद्धा म्हणायची, "घाण बघ गं काही आहे का."

एवढं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुझं कार्ड आलं तेव्हा मला यातलं काहीही आठवू नये? तू आपल्या घरचा शब्द लिहिलास आणि मी तो शेअर बाजारात नेऊन वाचला.

आईला सांगायला गेले. कसं सांगू, कुठून सुरू करू, दारातच उभी होते. ती वर न बघता म्हणाली, "काखेत ना?"

तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला राग आला, माझा सगळा राग तिच्यावर काढला. ओरडले, "मग बोलली का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "बोलले की. दुखतो का विचार म्हटलं होतं. तू हसलीस."

मी येतेय. परवा निघते. दुकान हे बघतील. तू नुसती पडून राहा, बाकीचं सगळं मी करीन.

ताई


२० एप्रिल

गोटी,

मी निघाले नाही हे तुला कळलंच असेल. बॅग भरून दारात ठेवली होती आणि शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवर तुझा निरोप आला. त्यांनी जसाच्या तसा कागदावर उतरवून आणून दिला: "ताई, येऊ नकोस. तू आलीस की रडशील, आणि मला तुझी समजूत काढत बसावं लागेल. आता तेवढी ताकद नाही. आईला पाठव."

राग आला मला. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, ही कोण मला नको म्हणणारी? हिला न्हाऊमाखू घातलं मी, हिच्या वेण्या घातल्या, हिच्या कॉलेजसाठी रात्ररात्र गिऱ्हाइकांच्या साड्यांना पिन लावून इस्त्र्या केल्या. ह्यांच्यासमोर बडबडले सगळं. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ती नको कुठे म्हणतेय? ती नमुना ओळखून आहे." मग रडले. म्हणजे तू म्हणालीस तेच केलं.

बॅग रिकामी केली. आता तीच आईसाठी भरायचीय.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. न सांगता चाललं असतं, तुला कधी कळली नसती. पण पोटात ठेवली की जेवण जात नाही. ज्या दिवशी तुझं ते दुसरं कार्ड आलं, शटर ओढलं, आईशी भांडले, तिला पाणी दिलं, झोपवलं. मग मी खाली आले आणि संध्याकाळचा पेपर उघडला. भाव बघितला. चढला होता. आणि गोटे, मला क्षणभर बरं वाटलं. त्याच दिवशी, त्याच डोळ्यांनी. नंतर मनाला समजावलं की हे पैसे तुझ्या औषधपाण्याला होतील, म्हणून बरं वाटलं. पण ते समजावणं मागाहून आलं. बरं वाटणं आधी आलं होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी विकले नाहीत. आणखी चढू दे म्हटलं, गोटीसाठी.

पुढचं तू तिथे ऐकलंच असशील, तुमच्याच लोकांकडून. दुसऱ्या भोकाचा नमुना पहिल्याच्या कितीतरी पट मोठा होता आणि त्यात काही नाही. नावाला एक-दोन कण. आणि पहिल्यातले ते तीन मोठे, पांढरे, आरपार दिसणारे, ते तीन नव्हतेच म्हणे. एकच होता, ड्रिलखाली फुटून त्याचे तीन झाले होते. पत्रकात बारीक अक्षरात तेव्हाही लिहिलं होतं, "तुकडे असण्याची शक्यता". मी वाचलं होतं ते. ह्यांनी बोट ठेवून दाखवलंही होतं. मी म्हटलं, शक्यता काय, पाऊस पडायचीही असते.

भाव आता इतका खाली गेलाय की पेपरवाले छापतही नाहीत. दाताच्या डॉक्टरांनी माझ्यावर दात धरलाय. फोनचा निरोप मात्र देतात, माणूस भला आहे. ह्यांना दुसऱ्या मशीनच्या पैशांचं सांगितलं. वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. हे म्हणाले, "बरं," आणि जुन्या बॉयलरचा व्हॉल्व काढून साफ करत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी शितावरून भाताची गोष्ट सांगत होते ना सगळ्यांना? काल चुलीपाशी उभी होते आणि लक्षात आलं. भाताचं एक शीत दाबून बघितलं की चालतं, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजलेला असतो, आपण स्वतः ढवळलेला असतो. जमीन कुणी ढवळलेली नसते. इथे एक सापडला म्हणजे तिथे असेलच असं नाही. हे तू मला कितीदा सांगितलं होतंस, दुसऱ्या शब्दांत. आणि तुझ्या कार्डातल्या पाच-सहा ओळींतली मी फक्त एक ओळ उचलली. "मला बरं वाटेल" हीसुद्धा त्यातच होती. तिच्यावरून माझी नजर अशी घसरली जशी काही ती पत्ता आहे.

माझं एवढंच म्हणणं आहे की माझ्यावर रागाव. पण राग लिहून पाठव. गप्प राहू नकोस.

ताई


३ मे

गोटी,

हे पत्र आईच्या हातात देतेय. पोस्टावर माझा विश्वास राहिलेला नाही. खरं तर स्वतःवर राहिलेला नाही, पण बोल पोस्टाला लावते.

उद्या सकाळी हे तिला गाडीत बसवून देतील. मधे गाडी बदलायला तुझी ती छावणीतली मैत्रीण येणार आहे ना, तिला सांग, आई निळा कोट घालून असेल. आपल्याकडे कुणी तरी धुवायला टाकून नेलाच नाही, वर्षानुवर्षं हँगरवर होता, तो तिला बरोब्बर बसला. आई म्हणाली, "दुसऱ्याचा कोट घालून जाऊ?" मी म्हटलं, "येईल तेव्हा धुऊन परत देऊ." पहिल्यांदा हसली इतक्या दिवसांत.

उरलेले शेअर विकले. त्यात तिचं जाण्याचं तिकीट निघालं. परतीचं काढलेलं नाही. ते तुम्ही दोघी मिळून कधी ते ठरवा, मग पाठवीन. पैशांची काळजी करू नकोस. जुना बॉयलर चालतोय. ह्यांनी त्याला काय केलं कुणास ठाऊक, आता गुरगुरतही नाही. हेही गुरगुरत नाहीत. कालपासून माझ्याशी नीट बोलतायत, मलाच कसंतरी होतंय.

आईचं सामान: उजव्या कप्प्यात चष्मा आणि डोळ्यात घालायचं औषध, झोपताना घालायचं, ती विसरते. डाव्यात सुईदोरा आणि एक पुडी बटणं. मी नको म्हटलं, तर म्हणाली दवाखान्यातल्या लोकांच्या कपड्यांचीही बटणं तुटत असतील. सुया मी ओवून दिल्यात, वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांच्या. संपल्या की तू ओवून दे. तेवढं तुला बसल्या जागी होईल.

तिच्या रुमालाच्या गाठीत काहीतरी आहे. मला दाखवलं नाही. हाताला लागलं तेव्हा कळलं, मावशीच्या उशीखालचा तो. टाकून दिला असेल असं इतकी वर्षं मला वाटत होतं. तुला देणार आहे की नुसतं जवळ ठेवणार आहे, माहीत नाही. मी विचारलं नाही.

तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी काल फोनवर बोलले. तुझ्या मैत्रिणीने जोडून दिला होता. ते म्हणाले, ऑपरेशन नीट झालं, पुढचे नमुने पाठवलेत, आत्ताच काही सांगता येत नाही. मी म्हटलं, "बरं." गोटे, मी आणखी काही विचारलं नाही. त्यांचा आवाज कसा होता, "नीट" म्हणताना थांबले का, "आत्ताच" म्हणजे किती, काही लावून बघितलं नाही. आत्ताच काही सांगता येत नाही म्हणजे आत्ताच काही सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका वाक्याचा तेवढाच अर्थ घेतला जेवढा त्यात होता. फार अवघड जातं गं हे. रात्रभर हात शिवशिवत होते.

तू मला नको म्हणालीस, ते योग्यच होतं. तू बोलव म्हणेपर्यंत मी येणार नाही. पोस्टमन आला की आई जशी पुढे येऊन उभी राहायची, तशी आता मी राहते. मी आधीच पुढेच असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

कंपनीचं पत्रक परवा पुन्हा आलं होतं, तिसऱ्या भोकाचं. उघडलं नाही. ह्यांनी त्यात साबणाच्या वड्या गुंडाळून ठेवल्या.

आता आई हाक मारतेय. कागद संपत आलाय. हे सगळं लिहिलं आणि जे लिहायला पहिल्या दिवशीच बसायला हवं होतं ते राहिलंच. आईने मला तेव्हा सांगितलं होतं, मी हसले होते, तुला पत्रात लिहून वर पुन्हा हसले होते. तिचा प्रश्न तेव्हा तुझ्यापर्यंत पोचला, पण माझ्या हसण्यात गुंडाळून. आज मी विचारतेय. केवढा होता नको, किती होते नको, निकाल काय तेही नको. एवढंच सांग.

दुखतं का गं?

ताई